जुन्या व्हर्जनचा भागाकार

आमच्या गावच्या दूध संस्थेत एकच कॉम्प्युटर होता आणि त्यावर माझ्या वडिलांनी स्वतः लिहिलेला प्रोग्राम चालायचा. पुण्यात हे कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही. वडवणीपासून आत, जिथं सकाळची एसटी येते आणि संध्याकाळची येईलच असं नसतं, अशा गावातल्या दूध संस्थेचा सचिव प्रोग्राम लिहितो म्हणजे काय! पण ते खरं होतं आणि मला त्याचा फार अभिमान होता. पुढं जे झालं ते त्या अभिमानामुळंच जास्त लागलं.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. मी दहावीत असताना ते दर रविवारी एसटीनं बीडला जायचे. स्टँडजवळ एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर शिकवायचे. तिथं कॉलेजच्या पोरांत हा एकच पांढऱ्या केसांचा माणूस बसायचा. शिकवणाऱ्या सरांनी पायथन नावाची भाषा निवडली होती, कारण ती फुकट मिळत होती. तेव्हा तिचं दुसरं व्हर्जन चालायचं. दादांनी पायथनचा अर्थ विचारला, सरांनी अजगर सांगितला, आणि दादांनी तो घरी येऊन आईला सांगितला. आठवड्याभरात गावात झालं, सचिवानं अजगर पाळलाय.

त्या अजगराकडून दादांनी दुधाची बिलं करून घेतली. लिटर टाका, फॅट टाका, दहा दिवसांचं बिल तयार. मग पाऊस गेला. खरीप गेलं, विहिरी गेल्या, आणि संस्थेनं गावाबाहेरच्या पडीक रानात चारा छावणी उघडली. जनावरं दावणीला, शेजारी माणसांची पालं, मधून टँकरचा रस्ता. रोज सकाळी उसाच्या वाढ्याच्या गाड्या यायच्या. कधी गेवराईकडून, कधी आणखी लांबून. वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. त्याच्या पेंढ्या बांधलेल्या असायच्या. आज इतक्या पेंढ्या आल्या, इतकी जनावरं आहेत, लहान दोन म्हणजे मोठं एक, तर मोठ्या जनावरामागं किती पेंढ्या द्यायच्या, हे दादांचा प्रोग्राम सांगायचा. दादा तो आकडा लाउडस्पीकरवर पुकारायचे आणि वाटप सुरू व्हायचं.

आजूबाजूच्या छावण्यांत गाडी चुकली की हाणामाऱ्या व्हायच्या. आमच्या छावणीत रोज थोडा चारा उरायचा. त्याची गंजी रचलेली असायची आणि गाडी चुकलेल्या दिवशी ती उपयोगी पडायची. लोक म्हणायचे, नियोजन असावं तर असं. तो दुष्काळ संपला तेव्हा बीडला एका कार्यक्रमात दादांच्या खांद्यावर शाल पडली. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होते. वर्गातल्या मुलींना मी त्या शालीचा फोटो दाखवत फिरले होते.

त्या सगळ्या दुष्काळात छावणीत कुरकुर करणारा एकच माणूस होता, माझा चुलता. दादांचा सख्खा चुलत भाऊ. संस्थेच्या निवडणुकीत दादांच्या विरोधात पॅनल उभं करून पडलेला, तोंडानं फटकळ, कुणाशी पटत नसलेला. त्याची खिल्लारी बैलजोडी होती. ती तो अशी धुवायचा, चोळायचा की चुलती म्हणायची, माझ्याकडं कधी इतकं बघितलं न्हाई.

एक दिवस तो छावणीच्या पत्र्याच्या खोलीसमोर येऊन ओरडायला लागला. त्या दुष्काळात संस्थेचा कॉम्प्युटर तिथंच हलवलेला होता. मी सुट्टीला आले होते आणि खोलीत दादांच्या मागं उभी होते.

“बैलांची पोटं बसल्यात. चारा कमी पडतोय. गंजी रचून ठिवतोस, आन् जनावर उपाशी. कावून?”

दादा बाहेर आले नाहीत. त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा दाराकडं वळवला.

“हे बघ. मी वाटत न्हाई, हे वाटतंय. कॉम्प्युटर काय माझा सोयरा हाय का तुझा दुश्मन? तुला भागाकार येत आसंल तर तू कर.”

बाहेर जमलेली माणसं हसली. मीही हसले. चुलता सातवीत शाळा सोडलेला. दुसऱ्या दिवशी त्यानं बैल सोडून नेले आणि आठवडी बाजारात विकून टाकले. त्यानंतर तो आमच्या घरी आला नाही. मला बघायला पाहुणे आले तेव्हा नाही, आजोबांच्या वर्षश्राद्धाला नाही. रस्त्यात आईला दिसला तर बांधावरून वळसा घालून जायचा.

मध्ये काही बरी वर्षं गेली. मी पुण्यात एका कंपनीत प्रोग्रामर म्हणून लागले. मग पुन्हा पाऊस गेला आणि त्याच रानात पुन्हा छावणी उघडली. दादांनी तोच प्रोग्राम पुन्हा चालू केला. फक्त या वेळी नियम बदलले होते. प्रत्येक जनावराच्या कानात बिल्ला मारायचा, मोबाईलनं तो टिपायचा, आणि कोणतं जनावर हजर, कोणतं गैरहजर हे संध्याकाळी कॉम्प्युटरवरून वर पाठवायचं. त्यासाठी तालुक्याहून पेन ड्राइव्हवर एक प्रोग्राम आला. तो सुरू होईना.

दादांचा फोन आला. “ह्ये पायथन तीन मागतंय. माझ्याकडं दोन हाय. दोन काढलं तर माझं सगळं बंद पडंल. दोन्ही एका कॉम्प्युटरवर नांदत्याल का?”

“नांदतील,” मी म्हणाले. “काही हात लावू नका. मी येते.”

पण मी पोचेपर्यंत त्यांनी हात लावला होता. तिसरं व्हर्जन कुठून तरी उतरवून घेतलं होतं आणि आता छावणीचा वाटपाचा प्रोग्रामच उघडत नव्हता. पडद्यावर लाल अक्षरं. सकाळी वाटपाच्या वेळी त्यांनी कालचाच आकडा पुकारून दिवस ढकलला होता. मी बॅगही न ठेवता संस्थेच्या खोलीत गेले तर ते माझ्याकडं न बघता म्हणाले, “मोडलं गं मी.”

“मोडलेलं नाही दादा.”

आणि खरंच मोडलेलं नव्हतं. दोन्ही व्हर्जन मशीनवर शेजारी शेजारी बसलेली होती. पण पायथन अशी हाक मारली की मशीन पत्त्यांच्या यादीत वरून शोधत येतं आणि त्या नावाचं जे पहिलं भेटतं त्याच्यावर थांबतं. आता पहिलं नवं भेटत होतं. दादांचा जुना प्रोग्राम नव्याच्या हातात पडत होता, आणि नव्याला जुन्याची बोली कळत नव्हती. जुन्यात छापायला सांगताना कंस लागत नाही, नव्यात लागतो. पहिल्या तशा ओळीवरच ते अडून बसलं होतं.

मी यादी नीट लावली. दादांच्या दोन्ही प्रोग्रामना सांगितलं की तुम्ही जुन्याकडंच जायचं, बिल्ल्याच्या प्रोग्रामला सांगितलं की तू नव्याकडं. पडद्यावर वेगवेगळी चिन्हं केली. दादा स्टूल ओढून शेजारी बसले होते आणि वहीत काही न लिहिता नुसतं बघत होते, जसं मी लहान असताना ते सायकलचं पंक्चर काढायचे आणि मी बघायचे. दोन्ही प्रोग्राम चालले. दादांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो दिवस तिथंच संपला असता तर किती बरं झालं असतं.

पण मला राहवेना. जुनं व्हर्जन आता लवकरच बंद होणार, त्याला कुणी सांभाळणार नाही, हे मला माहीत होतं. दादांचा वाटपाचा प्रोग्राम नव्या व्हर्जनमध्ये आणून ठेवला तर त्यांना पुढं त्रास नको, म्हणून मी त्याची एक प्रत केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती दुरुस्त करत बसले. फार काम नव्हतं. कंस घालायचे, दोनचार शब्द बदलायचे.

दुपारी संस्थेत चहा आला होता. चेअरमन होते, दोन संचालक होते. दादांनी त्यांना मुद्दाम बोलावलं असणार. मुलगी काय करते ते दाखवायचं होतं. एक संचालक म्हणाले, “सचिव, पोरगी तुमच्या वरची निघाली.” दादा हसले आणि म्हणाले, “निघायलाच पायजे.”

मी दोन्ही प्रोग्रामना त्या दिवशीचे आकडे दिले, जुन्याला आणि नव्याला. दोन्हींचं उत्तर सारखं आलं की काम झालं, हे तपासायचं होतं. जुन्यानं सांगितलं सात. नव्यानं सांगितलं पावणेआठच्या थोडं वर.

मला वाटलं मीच काहीतरी चुकले. पुन्हा बघितलं. आदल्या दिवशीचे आकडे दिले. जुनं सहा म्हणालं, नवं साडेसहा. मग मला कळलं, आणि कळल्या कळल्या मी जे केलं ते आठवलं की अजून कानशिलं तापतात.

मी आनंदानं ओरडले.

खरंच आनंदच होता तो. प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसाला लपलेली चूक सापडली की जो होतो तो. मी खुर्ची फिरवून म्हणाले, “दादा, हे बघा! जुनं व्हर्जन बाकी फेकून देतंय! पूर्ण आकड्याला पूर्ण आकड्यानं भागलं की उरलेलं सगळं टाकून देतं आणि सांगतही नाही. पहिल्यापासून असंच चाललंय!”

चेअरमननी कप खाली ठेवला. “म्हणजे काय, बाई?”

मी समजावून सांगितलं. अगदी सोपं करून, जसं ऑफिसात नव्या पोरांना सांगते. शाळेत भागाकार केला की खाली बाकी उरते. हातानं करणारा माणूस बाकी बघतो आणि तिचं काहीतरी करतो. आज या दावणीला एक पेंढी जास्त, उद्या त्या. जुन्या व्हर्जननं बाकी कधी दाखवलीच नाही. त्यामुळं पावणेआठ असले तरी सातच सांगितले. आणि म्हणून रोज चारा उरत होता.

“म्हणून गंजी,” दुसरे संचालक हळू म्हणाले.

“हो, म्हणूनच!” मी म्हणाले. आणि मग मला माझाच आवाज ऐकू आला.

दादा पडद्याकडं बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. हातातला चहाचा कप त्यांनी तसाच धरला होता, आणि तो तिरका होऊन चहा त्यांच्या धोतरावर सांडत होता, तरी त्यांना कळत नव्हतं. मी उठून कप घेतला. मी म्हणाले, “म्हणजे तुमची चूक नाही दादा, त्या भाषेचंच तसं होतं, भल्याभल्यांची ही चूक झालेली आहे.” ते खरं होतं. पण ते बोलून मी आणखी एकदा सगळ्यांसमोर सांगितलं होतं की चूक झाली आहे.

चेअरमन भला माणूस. तो म्हणाला, “अर्धी पेंढी कोण तोडून देतंय? सातच द्याव्या लागत्यात. एवढं काय.”

दादा उठले. “मी जरा छावणीवर जाऊन येतो,” म्हणाले आणि गेले.

मी त्यांच्या मागं गेले. छावणीवर पोचल्यावर त्यांनी वाटप करणाऱ्या माणसांना सांगितलं, गंजी फोडा, सगळी वाटा, आत्ता. माणसं म्हणाली, उद्या गाडी चुकली तर? दादा म्हणाले, “चुकली तर मी बघतो. आत्ता वाटा.” मग ते एका दावणीवरून चालत निघाले. जनावराच्या बरगड्यांकडं बघत, एकेका पाशी थांबत. मी त्यांच्या पाठीमागून चालत होते. अशा उन्हात, अशा दुष्काळात, कुठल्या जनावराच्या बरगड्या दिसत नाहीत? पण त्या दिवशी मला प्रत्येक बरगडी दादांकडं बोट दाखवल्यासारखी वाटत होती. एक कालवड आमच्याकडं मान वळवून बघत राहिली. मी तिच्याकडं बघू शकले नाही.

घरी येताना ते एकच बोलले. “त्यो बरोबर बोललता.”

कोण, हे मला विचारावं लागलं नाही.

आईला आम्ही काही सांगितलं नव्हतं, पण ती टँकरवर पाण्याला गेली तेव्हा तिला कळलं होतं. खोलीतली गोष्ट चहा संपायच्या आत गावात गेली होती. तिनं दादांना विचारलं नाही. मला मात्र भाकरी थापता थापता म्हणाली, “त्यास्नी एकट्यालाच सांगता आलं नसतं व्हय गं तुला?”

दुसऱ्या दिवशी दादा चुलत्याच्या घरी निघाले. मला म्हणाले, तू चल. मला जायचं नव्हतं. मी त्यांच्यामागं निघाले तेव्हा वाटत होतं की गावातलं प्रत्येक दार आमच्याकडं बघतंय. चुलता ओट्यावर बसून विळ्याला धार लावत होता. त्यानं आम्हाला येताना बघितलं आणि धार लावणं चालूच ठेवलं. चुलती आतून आली, मला बघून तिचा हात नकळत पुढं आला, मग तिनं तो पदराला पुसला आणि मागं घेतला.

दादा ओट्याखाली उभे राहिले. वर बसा असं कुणी म्हटलं नाही.

“चारा कमीच पडत व्हता,” दादा म्हणाले. “तवाबी. तू म्हणत व्हतास त्ये खरं व्हतं.”

चुलता विळ्याची धार अंगठ्यानं बघत होता.

“कळलं मला कालच. सगळ्या गावाला कळलं.”

“मी माफी मागायला आलोय.”

“कुणाची? माझी?” त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. “हितं ओट्याम्होरं? तवा कुठं बोललतास? गावाम्होरं. भागाकार येत आसंल तर तू कर म्हणाला. मला न्हाई येत भागाकार. माझे बैल गेले. मी घरी माफी घेऊन काय करू?”

दादा म्हणाले, “उद्या सकाळी छावणीवर ये.”

“मी कावून यीन? माझं जनावरच न्हाई तिथं.”

आम्ही परत निघालो. चुलती आमच्यामागं दोन पावलं आली आणि मला हळू म्हणाली, “येत्याल ते. धार लावत बसले म्हंजी येत्याल.” मला ते कळलं नाही, पण तिला तिचा माणूस कळत होता.

सकाळी वाटपाच्या आधी दादांनी लाउडस्पीकरचा माइक घेतला. आकडा पुकारायच्या जागी ते म्हणाले, “जरा सगळ्यांनी ऐका.” माणसं पालांतून बाहेर आली. बाया दुधाच्या कॅनसकट उभ्या राहिल्या. ऊसतोडीला गेलेल्यांची म्हातारी माणसंच जनावरांपाशी होती. ती उठून जवळ यायला वेळ लागला. तेवढा वेळ दादा माइक तोंडापाशी धरून तसेच उभे होते. मी खोलीच्या दारात होते. चुलता आला होता. लांब, टँकरच्या पलीकडं उभा होता.

दादा लहानसं भाषण पाठ करून आले असावेत, पण ते त्यांना आठवलं नाही. त्यांनी सांगितलं की प्रोग्राम चुकीचा होता, जनावरांना चारा कमी गेला, मागच्या दुष्काळात आणि या वेळीही, आणि चूक माझी आहे. मग ते म्हणाले, “माझ्या भावानं सांगितलं व्हतं, मी त्याला तुमच्याम्होरं येड्यात काढलं. मीच येडा व्हतो.”

मग मागून एकजण हसला आणि म्हणाला, “अजगरानंच गिळला बे चारा!” सगळे हसले. मला वाटलं, चला, एवढ्यावर निभावलं. एका म्हातारीनं विचारलं, “म्हंजी आज किती पेंढ्या?” दादा म्हणाले, “आठ. उद्या कमी आल्या तर तसं सांगू.” म्हातारीला तेवढंच हवं होतं, ती वळली.

आणि मग एका तरुण माणसानं विचारलं. त्याचा आवाज शांत होता. “सचिव, रोज उरत व्हतं म्हणता. मग त्या दुष्काळातली उरलेली गंजी कुठं गेली?”

हा प्रश्न येईल हे दादांच्या ध्यानीमनी नव्हतं. माझ्याही नाही. त्यांच्या तोंडासमोर माइक होता आणि त्यातून त्यांच्या श्वासाचा आवाज सगळ्या छावणीभर जात होता. मी आत जाऊन वायर काढावी असं मला वाटलं. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. कुणीतरी पुटपुटलं, विकली असंल. कुणीतरी म्हणालं, शाल उगंच मिळती व्हय. माझ्या वडिलांना लोक चोर म्हणत होते आणि ते शब्द मीच, माझ्या तोंडानं, चहाच्या वेळी, गावाच्या हातात दिले होते.

तेव्हा टँकरच्या पलीकडून चुलता बोलला. मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

“कुजली ती. पाऊस आल्यावर जागीच कुजली. मी रोज जाता-येता बघत व्हतो. माझे बैल गेले आन् गंजी कुजत पडली, म्हणून मीच बघत व्हतो. त्यानं विकली न्हाई. त्याची अक्कल कमी पडली, नियत न्हाई.”

एवढं बोलून तो निघून गेला. दादांकडं बघितलं नाही.

चोरीच्या संशयातून दादा त्या एका वाक्यानं सुटले. पण त्यांची मान मी त्या वेळी जितकी खाली गेलेली पाहिली तितकी आधी नव्हती. गावातल्या पोरानं चोर म्हटलं तेव्हा ते निदान समोर बघत होते. ज्याला आपण हसलो त्यानं आपली बाजू घेतली, हे त्यांना पेलवलं नाही. त्यांनी माइक माझ्या हातात दिला आणि ते पाण्याच्या हौदाकडं जाऊन तोंड धुत राहिले. आठ पेंढ्या हा आकडा शेवटी मी पुकारला. माझा आवाज एवढा चिरका निघाला की दोन पोरं खिदळली.

दादांनी त्या दुपारी मला सांगितलं, जुनं व्हर्जन काढून टाक. मी म्हणाले, दुधाची मागची सगळी बिलं त्यातच उघडतात. काढलं तर ती जातील. आणि दूध तसं चुकत नाही, लिटरला दशांशाचं टिंब असतं, टिंबाच्या आकड्याला ते बरोबर भागतं. त्यांनी विचारलं, “म्हंजी एका ठिकाणी बरोबर आन् दुसऱ्या ठिकाणी चूक?” मी हो म्हणाले. ते मग म्हणाले, “मग राहू दे दोन्ही.” वाटपाचा प्रोग्राम मात्र नव्याचाच ठेवला, आणि त्यावर विसंबून राहायचं नाही असं संचालकांनी ठरवलं. रोज सकाळी खोलीबाहेरच्या फळ्यावर खडूनं भागाकार मांडायचा, बाकीसकट, आणि कुणालाही येऊन तपासता यावं. पहिल्या दिवशी तो दादांनी मांडला तेव्हा त्यांचे आकडे वाकडेतिकडे आले होते.

सचिवपद त्यांनी सोडायचं म्हटलं, चेअरमननी सोडू दिलं नाही. पुढच्या निवडणुकीत ते उभे राहिले नाहीत. चुलता आमच्या घरी येऊ लागला असं मी लिहू शकले असते तर बरं वाटलं असतं. तो आला, पण दोन वर्षांनी, माझ्या लग्नात, आणि अक्षता पडल्यावर लगेच गेला. दादांनी त्याला बैल घेऊन देतो म्हणून निरोप पाठवला होता. त्यानं सांगितलं, आता माझ्याच्यानं बैल होत नाहीत.

मी पुण्याला परतले. पुढं केव्हातरी ऑफिसात जेवताना जुन्या व्हर्जनच्या भागाकाराचा विषय निघाला. कुणाचा कुठला हिशेब त्यामुळं बिघडला, असले किस्से सगळे सांगत होते. मी छावणीचा किस्सा सांगितला. अजगरानं चारा गिळला, तेही सांगितलं. टेबल हसून लोटपोट झालं. एकजण म्हणाला, “हा तर भन्नाट बग आहे यार, याच्यावर भाषण दे कुठंतरी.” मीही हसत होते. मग समोरच्या मुलीनं विचारलं, “आणि तुझे बाबा? त्यांना कसं वाटलं?” मी डबा बंद केला आणि हात धुवायच्या निमित्तानं उठले.

त्याच आठवड्यात दादांचा फोन आला. छावणी बंद झाली होती, दूध पुन्हा थोडं वाढलं होतं, आईचा गुडघा दुखत होता. हे सगळं सांगून झाल्यावर त्यांनी जरा थांबून विचारलं, “ह्या नव्या व्हर्जनमधी बेरीज-वजाबाकी तशीच हाय ना? का त्यातबी काय बदललंय?”

“तशीच आहे दादा.”

“बघून सांगतीस का? मी हाय फोनवर.”

मला माहीत होतं. तरी मी लॅपटॉप उघडला, आधी जुनं व्हर्जन सुरू केलं, मग नवं, आणि ते सांगतील ते आकडे दोन्हीत टाकत गेले. ते एकेक आकडा विचार करून सांगत होते, मी उत्तर वाचून दाखवत होते, आणि पलीकडं दादा कागदावर करून बघत होते.